पैसा कशातून येतो, ते आधी विचारा

एमबीबीएस होऊन पीजीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींना आमच्या वसई-विरारमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला व्यासपीठावरून येतो. समाजमंडळाचा गुणगौरव असतो, शाल-श्रीफळ झालेलं असतं आणि प्रमुख पाहुणे सांगतात, "पैशाच्या मागे लागू नका. ज्यात मन रमेल ती शाखा घ्या. पैसा मागून येतोच." दुसरा सल्ला कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना मिळतो. तो देणारा बहुधा कुणाचा तरी डॉक्टर मामा असतो. "रेडिओ मिळत असेल तर डोळे मिटून घे. नाहीतर डर्मा. रात्रीची झोप शाबूत आणि पाच वर्षांत सेट." दोन्ही सल्ल्यांना माना डोलावणारी मंडळी एकच असतात.

माझं भांडण पहिल्या सल्ल्याशी आहे. मामाचा सल्ला निदान उघड आहे. त्यात काय मिळतं आणि काय सोडावं लागतं, ते ऐकणाऱ्याला कळतं. पाहुण्यांचा सल्ला उदात्त दिसतो, म्हणून तो कुणी तपासून बघत नाही. शहराला कोणते डॉक्टर मिळणार, या प्रश्नाचं सगळं ओझं तो अलगद पंचवीस वर्षांच्या एका मुलीच्या मनोवृत्तीवर टाकून मोकळा होतो. तिने रेडिओलॉजी घेतली तर ती पैशाच्या मागे गेली, बालरोग घेतलं तर ती सेवाभावी. बाकी आपण सगळे टाळ्या वाजवायला मोकळे.

त्या सल्ल्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. शाखा एकदा घेतली की पुढची तीस-चाळीस वर्षं तीच. ज्याला माणसांशी बोलायचा कंटाळा आहे त्याने मानसोपचारात जाऊ नये, आणि ज्याला अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसवत नाही त्याने रेडिओलॉजीत. मन नसलेल्या कामात डॉक्टर चिडचिडा होतो आणि ती चिडचिड रुग्णाला भोगावी लागते. हे सगळं मान्य. अडचण पुढच्या वाक्यात आहे: पैसा मागून येतोच.

हे वाक्य बोलणाऱ्यांनी व्यवसाय कधी सुरू केला, ते बघा. वसई पश्चिमेला एक गाळा आणि बाहेर एक पाटी एवढ्यावर दवाखाना उभा राहायचा, त्या काळातली ही मंडळी. आजच्या मुलीचा हिशेब वेगळा आहे. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातून शिकली असेल तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, नाहीतर १० लाख रुपये भरून सुटका. नीट-पीजीसाठी बरेचदा एखाद्या वर्षाचा ड्रॉप. मग तीन वर्षं रेसिडेन्सी. सरकारी पीजीनंतर पुन्हा बंधपत्र, आणि ते मोडलं तर ५० लाख. तिशी इथेच गाठली जाते. तोवर बरोबरीचे इंजिनिअर फ्लॅटचे निम्मे हप्ते फेडून बसलेले असतात. वडील आयुष्यभर विरार लोकलने चर्चगेट गाठत आले आणि आता निवृत्तीला टेकले आहेत. डीम्ड कॉलेजात शिकलेली असेल तर या सगळ्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. अशा मुलीने कुठल्या शाखेत किती मिळतं हे विचारलं, तर त्याला हाव म्हणणं हा आगाऊपणा आहे. तिने ते विचारलंच पाहिजे.

इथे आदर्श पुढे केले जातात. आमटे बघ, बंग बघ, कोल्हे बघ. जरूर बघावेत, पण नीट बघावेत. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासून हेमलकशात आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' उभी केली. मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्या दोन रुपये फीची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. आपण या तिन्ही गोष्टी त्यागकथा म्हणून सांगतो. पण त्यांत एक व्यावहारिक गोष्टही आहे. हेमलकसा आणि गडचिरोलीतल्या कामामागे संस्था आहे, देणग्या आहेत, संशोधनाचा निधी आहे. रुग्ण जास्त दिवस खाटेवर राहिला किंवा त्याला एखादी तपासणी जास्त लागली, म्हणून तिथल्या डॉक्टरच्या घरात जास्त पैसा येत नाही. दोन रुपयांच्या फीवर तर कुणाचंच घर चालत नाही, त्यामुळे कोल्ह्यांच्या बाबतीतही रुग्णाचा आजार हा मिळकतीचा आधार नव्हता. आपण यातला त्याग तेवढा उचलला आणि मिळकतीची रचना तिथेच सोडून दिली.

राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्याच शाखेचे डॉक्टर वसई-विरारमध्ये गल्लोगल्ली आहेत. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे आणि बहुतेकींनी त्यावर कधी उपचारच घेतलेले नाहीत. ज्या स्त्रिया दवाखान्यात आल्याच नाहीत, त्यांच्यासाठी वेळ काढायला राणी बंग यांची मिळकत आड आली नाही. पदवी तीच असली, तरी प्रसूतीमागे पैसे मिळवणाऱ्या डॉक्टरला हे काम दिसणंसुद्धा कठीण आहे. समाधान शाखेत असतं हा समज इथेच गळून पडतो.

आता आमच्या कोकणातलं उदाहरण घेऊ. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाने माणसं मरताना बघत होते. लाल विंचवाचं विष हृदयावर काय करतं, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून त्यांनी दंशाच्या गंभीर रुग्णांमधलं ४० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची शाखा साधी जनरल मेडिसिन. नंतर त्यांनी महाडला स्वतःचं रुग्णालय चालवलं, म्हणजे फी घेतली, संसार केला. त्यागाच्या चौकटीत हा माणूस बसत नाही आणि पैशाच्याही नाही. म्हणूनच बहुधा सत्काराच्या भाषणांत त्यांचं नाव कमी येतं.

याच बावस्करांना २०१३ च्या सुमारास एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवलं होतं, त्याबद्दलची ही 'प्रोफेशनल फी'. त्यांनी चेक परत पाठवला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. ही गोष्ट प्रामाणिकपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते, पण शाखा निवडणाऱ्या मुलीने ती हिशेब म्हणून वाचावी. ते १,२०० रुपये केंद्राने पदरचे दिले नव्हते. ते रुग्णाच्या बिलातून निघाले होते. पुढच्या वेळी गुडघेदुखीचा किंवा डोकेदुखीचा रुग्ण समोर बसला, की एमआरआय खरंच हवा आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्या चेकची सवय झालेल्या डॉक्टरला स्वतःलाही खात्रीने देता येणार नाही. ती खात्री गेली की शाखा कितीही मनाजोगती असो, समाधान कुठून येणार?

रुग्ण पाठवण्याच्या या कमिशनला कट प्रॅक्टिस म्हणतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने ती निषिद्ध ठरवली आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार केला. मसुदा झाला, कायदा झाला नाही. त्याच वर्षी मुंबईतल्या एका हृदयरोग रुग्णालयाने 'आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही' अशा आशयाचे फलक लावले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने कमिशनऐवजी फलकावरच आक्षेप घेतला. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून जे लिहिलं आहे, त्यात हेच दुखणं पानोपानी आहे: रुग्ण पाठवण्याचे पैसे, रुग्णालयाने ठरवून दिलेली टार्गेट, शस्त्रक्रियेचा 'कन्व्हर्जन रेट'. त्यातले किती तरी डॉक्टर आपल्या आवडीच्या शाखेतच असणार. ती आवड त्यांच्या कामी आली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'समाधान की पैसा' या तराजूत मोजमापच चुकीचं आहे. एका पारड्यात समाधान आणि दुसऱ्यात रक्कम ठेवली जाते. खरा फरक ती रक्कम कशातून येते यात आहे. रुग्णाला दिलेल्या वेळेतून, त्याच्यावर केलेल्या प्रक्रियेतून, त्याला पुढे पाठवण्यातून, की महिन्याच्या ठरलेल्या पगारातून? पहिल्या आणि शेवटच्या वाटेने मिळकत आणि समाधान एका दिशेने जाऊ शकतात. मधल्या दोन वाटांवर रोज ओढाताण आहे, आणि तिसरीवर ती ओढाताण हरण्यासाठीच आहे.

यावर मामांकडची मंडळी म्हणतील, बाजार आहे बाबा, मागणी तशी किंमत. हे उत्तर ऐकायला रोखठोक, पण चुकीचं. भाजीबाजारात वांगी घ्यायची की नाहीत हे गिऱ्हाईक ठरवतं. सीटीस्कॅन घ्यायचा की नाही हे रुग्ण ठरवत नाही, डॉक्टर ठरवतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच मांडून ठेवलं आहे, की विकणाऱ्याला सगळं माहीत आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशा ठिकाणी बाजाराचे नेहमीचे नियम चालत नाहीत. शाखांचे दर आभाळातून पडत नाहीत, ते कुणीतरी ठरवतं. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरला त्याच्याकडे नोंदलेल्या माणसांच्या संख्येनुसार मुख्यतः पैसे मिळतात, म्हणून तिथे जनरल प्रॅक्टिस ही मान आणि धन दोन्ही असलेली शाखा आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये मेडिकेअरने डॉक्टरांचे दर नव्याने बांधले. हेतू हाच होता, की हाताच्या कामाइतकंच विचाराच्या आणि बोलण्याच्या कामालाही मोल मिळावं. तो पुरता साधला नाही, पण दर बदलता येतात हे त्यांनी गृहीत तरी धरलं.

आपल्याकडे सरकारचं दरपत्रक काय सांगतं? महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली करण्याचा निर्णय झाला, संरक्षण ५ लाखांपर्यंत गेलं. चांगलंच झालं. पण पॅकेज आहेत ती यादीतल्या शस्त्रक्रियांची आणि दाखल करून केलेल्या उपचारांची. मधुमेहाच्या रुग्णाशी अर्धा तास बोलून त्याचा पाय वाचवणाऱ्या डॉक्टरसाठी त्यात जागा नाही. तो पाय सडून कापायची वेळ आली, की मात्र योजना धावून येते. असं दरपत्रक समोर ठेवून मुलांना 'बोलण्याच्या' शाखा घ्या म्हणून सांगणं, हा दुटप्पीपणा आहे.

त्याचे परिणाम पीजीच्या प्रवेशफेऱ्यांत दिसतात. रेडिओलॉजी, डर्मा आणि मेडिसिनच्या जागा पहिल्या झटक्यात जातात. मायक्रोबायोलॉजी, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीच्या रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये नीट-पीजीचा पात्रता पर्सेंटाइल शून्यावर आणून त्या भरायची वेळ आली. त्याआधी तीनच वर्षं, कोरोनाच्या साथीत, सगळा देश कुणाच्या जिवावर चालला होता? आरटीपीसीआरचे अहवाल देणाऱ्या मायक्रोबायोलॉजिस्टच्या, संपर्कातली माणसं शोधण्याची आखणी करणाऱ्या पीएसएमवाल्यांच्या (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) आणि व्हेंटिलेटरशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञांच्या. तेव्हा आपण थाळ्या वाजवल्या. पण दर तेच राहिले, आणि मुलांनी दर बघितले. त्यात त्यांचा काय दोष?

आता आपल्या शहराकडे बघू. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथे १२ लाख २२ हजार माणसं होती. नंतर नालासोपारा पूर्वेला, पेल्हार-वालीवकडे आणि विरारच्या टोकाला जी वस्ती वाढली, ती डोळ्यांना दिसते आहे. महापालिकेची डी. एम. पेटिट आणि तुळिंज ही रुग्णालयं आहेत, बंगलीच्या कार्डिनल ग्रेशस रुग्णालयाचा आधार आहे. बाकी भार खाजगी नर्सिंग होमवर. शहराचं स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नाही. त्यामुळे गुंतागुंत झाली की रुग्ण हायवेने वर्सोवा पुलावरून कांदिवलीच्या शताब्दीला, कूपरला किंवा थेट केईएमला. वाटेतली कोंडी नशिबाच्या हवाली.

अशा शहरात 'पुढे पाठवणं' हा रोजचा व्यवहार असतो, आणि जिथे पाठवणं जास्त तिथे पाठवण्याचे पैसे जास्त. दुसरीकडे, रात्री दोन वाजता ताप डोक्यात गेलेल्या मुलाला बघणारा बालरोगतज्ज्ञ किंवा एका नर्सिंग होममधून दुसरीकडे धावणारा भूलतज्ज्ञ यांच्या मिळकतीत त्या रात्रीची किंमत कुठेच धरलेली नसते. मानसोपचाराचं तर बोलूच नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने देशात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या या शहरात ते प्रमाण कमी असेल असं मानायला काही आधार नाही. पण पाऊण तास ऐकून घेण्याची फी द्यायची म्हटली की आपल्याच कपाळाला आठ्या पडतात. "नुसतं बोलायचे एवढे पैसे?" म्हणणारे आपणच, आणि मुलांनी मनाजोगती शाखा घ्यावी म्हणणारेही आपणच.

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला, हे सगळं व्यवस्थेवर ढकलून लेखक माणसाची जबाबदारी पुसतो आहे. नाही. चेक परत करायचा की वटवायचा, हे डॉक्टरनेच ठरवायचं असतं, आणि बावस्करांनी ते ठरवलं. मी एवढंच म्हणतो, की ज्या रचनेत प्रत्येक डॉक्टरला रोज बावस्कर व्हावं लागतं, ती रचना वाईट आहे. सामान्य प्रामाणिक माणसाला सामान्य प्रामाणिक राहता यावं, एवढी तरी सोय शहराने करावी.

दुसरा आक्षेप रेडिओलॉजी-डर्मावाल्यांचा. आमच्या शाखा म्हणजे नुसता पैसा का? मुळीच नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाचा सीटी मध्यरात्री वाचणारा रेडिओलॉजिस्ट मेंदूचा तुकडा वाचवतो. कुष्ठरोगाचा पहिला चट्टा ओळखणारा त्वचारोगतज्ज्ञ एक हात वाचवतो. उलट माझं म्हणणं त्यांच्या बाजूचं आहे. पगारावर किंवा पारदर्शक फीवर काम करणारा रेडिओलॉजिस्ट कमिशनवर चालणाऱ्या बालरोगतज्ज्ञापेक्षा शांत झोपेल. शाखेच्या नावावरून कुणाची नियत ठरवू नये, हेच तर मी सांगतो आहे.

मग मुलीने काय करावं? रक्कम जरूर विचारावी. कर्जाचा हप्ता, घर, आई-वडील यांना किती लागेल याचा आकडा कागदावर काढावा, आणि त्याखाली नेणाऱ्या वाटा बाजूला ठेवाव्यात. आकडा भागल्यावर मात्र जास्तीत जास्त किती, हा प्रश्न थांबवून वेगळे प्रश्न विचारावेत. या शाखेतला आठवड्याच्या मधलाच एखादा साधा दिवस कसा असतो? या डॉक्टरांचा पैसा रुग्णाकडून येतो, की दुसऱ्या डॉक्टरकडून? रुग्ण लवकर बरा झाला तर यांचं उत्पन्न घटतं का? चौघांनी मिळून पगारी पद्धतीवर दवाखाना चालवता येईल का? ही उत्तरं भाषणांत मिळत नाहीत. पाच-दहा वर्षं व्यवसाय केलेल्या डॉक्टरसोबत दोन दिवस बसलं, की मिळतात.

आणि शहराने काय करावं? महापालिकेने आपल्या रुग्णालयांत रात्री धावावं लागणाऱ्या शाखांसाठी कायम, चांगल्या पगाराची पदं निर्माण करून भरावीत. तपासणी केंद्रांनी आपण कमिशन देत नाही असं दर्शनी भागात लिहावं, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडे रुग्णांनी संशयाने बघावं. इथल्या बसीन कॅथॉलिक, वसई विकास यांसारख्या सहकारी बँका वसईकरांच्या ठेवींवर मोठ्या झाल्या आहेत. बालरोग, मानसोपचार, फॅमिली मेडिसिन अशा शाखांचे डॉक्टर एकत्र येऊन दवाखाना काढत असतील, तर त्यांना या बँकांनी सवलतीचं कर्ज द्यावं. समाजमंडळांच्या शिक्षणनिधीतूनही याला हातभार लावता येईल. यातलं एकही काम कुणाच्या त्यागावर अवलंबून नाही.

आपल्याला रात्रीचा बालरोगतज्ज्ञ हवा असेल, तर त्या रात्रीचे पैसे आपण दिले पाहिजेत. कराच्या वाटेने द्या, ठेवीच्या वाटेने द्या, नाहीतर तोंडावर फी मोजून द्या. ते न देता एखाद्या मुलीने ती रात्र समाधानाच्या खात्यात जमा करावी असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही.